मेजर रॉबर्ट गिल आणि अजिंठ्याचीं छायाचित्रें

अजिंठ्याच्या लेण्यांविषयीं आपल्या लोकांत जें सामान्य ज्ञान आहे, त्यांत दोन इंग्रज नांवें बहुधा आढळतात. पहिलें मद्रास फौजेंतील कॅप्टन जॉन स्मिथ याचें. १८१९ सालच्या एप्रिल महिन्यांत वाघाच्या शिकारीस निघालेल्या या गृहस्थास दहाव्या लेण्याची कमान झाडींतून दिसली, आणि आंतील एका खांबावरच्या चित्रावर आपलें नांव व तारीख कोरून तो चालता झाला. दुसरें नांव मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांचें. त्यांचे दोन अवजड सचित्र ग्रंथ जाणत्या मंडळींच्या आदरास पात्र झाले आहेत. या दोघांच्या मधला जो पुरुष, ज्यानें अजिंठ्याच्या परिसरांत आपल्या आयुष्याचीं सुमारें चौतीस वर्षें घालविलीं, त्याचें नांव मात्र झालेंच तर एखाद्या प्रेमकथेच्या निमित्तानें कानांवर येतें.

मेजर रॉबर्ट गिल हे ते पुरुष होत. चित्रकार म्हणून ते अजिंठ्यास आले. छायाचित्रकार म्हणून ते उरले. ज्या कामासाठीं सरकारनें त्यांस नेमलें तें जवळजवळ सारें एका दिवसांत जळालें, आणि त्या कामाच्या जोडीनें त्यांनीं जें केलें तें आज आमच्यापुढें आहे. असें कां झालें हें पाहण्यासारखें आहे. एका मनुष्याच्या दैवाची ही हकीकत तर आहेच. परंतु जुन्या वस्तूंचें जतन कशानें होतें व कशानें होत नाहीं, याचाहि तींत एक धडा आहे, असें आम्हांस वाटतें.

गिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८०४ रोजीं लंडन येथें झाला. १८२३ च्या सुमारास ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेंत दाखल झाले, व पुढें ४४ व्या देशी पायदळ पलटणींत अधिकारी झाले. त्या काळच्या लष्करी शिक्षणांत नकाशे व देखावे काढण्याचा अभ्यास असे, आणि कित्येक अधिकाऱ्यांस चित्रकलेचा बरा नाद असे. गिल यांचा हात त्यांत विशेष बसलेला होता. तरी पलटणींतील एक सामान्य अधिकारी यापलीकडे त्यांचें नांव जावें असें कांहीं घडलें नसतें, जर त्याच सुमारास विलायतेंत एका विद्वानानें अजिंठ्याची हांक घातली नसती.

हे विद्वान् म्हणजे जेम्स फर्ग्युसन. येथें पुण्याच्या वाचकांचा घोटाळा होण्याचा संभव आहे, म्हणून सांगतों कीं, आमच्या फर्ग्युसन कॉलेजास ज्यांचें नांव दिलें ते सर जेम्स फर्ग्युसन मुंबईचे गव्हर्नर होते, आणि हे फर्ग्युसन ते नव्हत. हे बंगाल्यांत निळीचा व्यापार करून पैसा मिळवून बसलेले, व नंतर सर्व आयुष्य हिंदी वास्तुशिल्पाच्या अभ्यासास वाहिलेले गृहस्थ होते. १८४३ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें त्यांनीं लेण्यांवर जो निबंध वाचला, त्यांत अजिंठ्याच्या चित्रांची दुर्दशा वर्णिली होती. पावसाचें पाणी झिरपत होतें, वटवाघळांनीं छतें व्यापलीं होतीं, आणि त्याहून वाईट म्हणजे हौशी प्रवासी चित्रांतील मुखें भिंतीवरून खरवडून नेत होते. तीं हातांत येतांच चुरा होऊन जात. जें नष्टच होणार त्याची निदान नक्कल तरी करून ठेवा, अशी विनंति सोसायटीनें कंपनीच्या डायरेक्टरांस केली. डायरेक्टरांनीं ती मान्य केली, आणि १८४४ सालीं त्या कामावर गिल यांची नेमणूक झाली. तेव्हां ते चाळीस वर्षांचे होते.

गिल यांनीं आपला मुक्काम अजिंठा गांवांतील बारादरींत ठेविला. गांव घाटावर, लेणीं घाटाखालीं. मध्यें सुमारें तीन कोसांचें अंतर. हा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत मोडत असे. याच गांवीं, १८०३ च्या असईच्या लढाईनंतर, वेलस्लीच्या फौजेंतील जखमी लोकांचें रुग्णालय ठेविलें होतें. तेव्हां इंग्रजी फौजेस गांव ठाऊक होतें, पण तीन कोसांवरील लेणीं ठाऊक नव्हतीं. वाघूर नदी जेथें घोड्याच्या नालासारखें वळण घेते, तेथील उभ्या कड्यांत आज मोजण्यांत येणारीं तीस लेणीं आहेत. कांहीं इसवी सनापूर्वीचीं, आणि बहुतेक सनाच्या पांचव्या शतकांतील वाकाटकांच्या काळचीं.

या लेण्यांत चित्र नकलून काढणें म्हणजे काय, याची कल्पना ज्यांनीं तेथील अंधार पाहिला आहे त्यांसच येईल. विहारास उजेड मिळतो तो पुढच्या दारांतून व दोन खिडक्यांतून. आंतल्या भिंतीपर्यंत पोहोंचतां पोहोंचतां तो मंद होऊन जातो. दिवसांतले थोडेच तास कामाचे. मळ्यावर चढून, काजळी व धुरानें झांकलेल्या गिलाव्यांतून रेषा शोधीत, जेथें तुकडा गळून पडला असेल तेथें जागा तशीच सोडीत, मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत ती भिंत पुन्हां उभी करावयाची, असा हा उद्योग होता. आपल्या कल्पनेनें पदरचें कांहीं घालावयाचें नाहीं, हा त्यांतील मुख्य नियम. १८६३ पर्यंत, सुमारें एकोणीस वर्षें, हें काम चाललें, व तीसच्या आसपास मोठीं चित्रें तयार होऊन विलायतेस गेलीं. लंडनजवळ सिडनहॅम येथें स्फटिकगृह, म्हणजे क्रिस्टल पॅलेस, म्हणून कांचेची प्रचंड इमारत होती. तींत तीं लोकांस पाहण्यासाठीं मांडण्यांत आलीं. अजिंठ्याच्या रंगांचें युरोपास पहिलें मोठें दर्शन झालें तें या चित्रांवरून.

मध्यंतरीं १८५६ साल येतें. या सालीं गिल यांच्या आयुष्यांत दोन गोष्टी घडल्या. एकीची लोकांनीं गाथा केली, दुसरीकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पहिली गोष्ट अशी कीं, या सालच्या मे महिन्यांत पारो नांवाची त्यांची एतद्देशीय सहचारिणी वारली. अजिंठा गांवीं तिची कबर आहे, व तिजवर गिल यांनीं कोरविलेला लेख आहे. इतिहासास ठाऊक असलेली पारो एवढीच. पुढें लोककथेनें तिच्याभोंवतीं पुष्कळ वेल वाढविली, कविवर्य ना. धों. महानोर यांनीं 'अजिंठा' हें काव्य लिहिलें, व २०१२ सालीं त्याच नांवाचा मराठी चित्रपटहि निघाला. काव्यास आपलें स्वातंत्र्य असावें, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु पारोच्या कथेंत गिल यांचें काम बुडून जावें, हें कांहीं बरें नव्हे.

दुसरी गोष्ट अशी कीं, याच सालीं सरकारनें गिल यांस कॅमेरा दिला. यामागें एक हिशेब होता. प्राचीन इमारतींचीं चित्रें हातानें काढविण्यास वर्षेंच्या वर्षें लागत व खर्च फार येई. छायाचित्र स्वस्त व बिनचूक, म्हणून नकाशे-नवीसांच्या जागीं कॅमेरा वापरून पाहावा, असा कंपनीच्या डायरेक्टरांचा आग्रह त्या सुमारास सुरू झाला होता. १८५५ त मुंबई सरकारनें कॅप्टन बिग्ज यास विजापूरकडील इमारतींचीं छायाचित्रें घेण्यास धाडलें तें यासाठींच. आमच्या लोकांतहि या विद्येचें वारें तेव्हांच शिरलें होतें. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ त निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते, आणि नारायण दाजी यांचा छायाचित्रकार म्हणून लौकिक होता. याच भाऊ दाजींनीं पुढें १८६३ च्या सुमारास अजिंठ्याचे शिलालेख वाचून प्रसिद्ध केले. म्हणजे अजिंठ्याचीं अक्षरें वाचणारा आमचा एक पंडित, आणि अजिंठ्याचे दगड टिपणारा एक परका छायाचित्रकार, हे समकालीन होते.

त्या वेळच्या हिंदुस्थानांत कॅमेरा घेऊन फिरणारे परदेशी गृहस्थ आणखीहि होते. त्यांत व्हेनिसकडील इटालियन घराण्यांत जन्मलेला फेलिचे बेआतो विशेष प्रसिद्ध आहे. १८५८ त तो लखनौस आला, आणि सिकंदरबागेच्या आवारांत पसरलेल्या हाडांसकट त्या उद्ध्वस्त इमारतीचें जें छायाचित्र त्यानें घेतलें, तें जगभर गेलें. बेआतो युद्धामागून चाले. एक रण संपलें कीं दुसऱ्या देशीं जाई. गिल यांनीं एकाच डोंगरापुढें तिपाई रोविली. बेआतोचें नांव आज छायाचित्रणाच्या प्रत्येक इतिहासांत आहे, गिल यांचें क्वचित् कोठें. स्थिर बसून केलेल्या कामाची कीर्ति हळू पसरते, हेंच खरें.

त्या काळीं छायाचित्र घेणें हें आजच्यासारखें बोटानें कळ दाबण्याचें काम नव्हतें. स्वच्छ कांचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा, कांच तिरपी करून त्याचा सारखा थर बसवावयाचा, अंधारांत ती रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, आणि थर ओला आहे तोंवरच कॅमेऱ्यांत घालून, चित्र घेऊन, तत्काळ काळोख्या तंबूंत नेऊन धुवावयाची. थर वाळला कीं कांच वायां गेली. कलोडियनमध्यें ईथर असे, आणि ईथर उष्णतेनें भराभर उडून जातें. खानदेशच्या सरहद्दीवरील चैत्र-वैशाखाचें ऊन ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या अडचणीची कल्पना सहज येईल. कांचेवरून कागदी प्रत काढण्यासाठीं अंड्यांतील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद वापरीत. त्यावर रुप्याचा क्षार चढवून तो कांचेखालीं दाबून उन्हांत ठेवीत.

गिल यांचीं बरींचशीं छायाचित्रें जोडचित्रें आहेत. दोन डोळ्यांमधील अंतर धरून बसविलेल्या दोन भिंगांनीं एकाच देखाव्याचीं दोन चित्रें घेतात, आणि स्टीरिऑस्कोप नांवाच्या उपकरणांतून तीं पाहिलीं असतां देखाव्यास खोली येते. लेण्यांच्या कामास ही पद्धति फारच अनुकूल ठरली. लेणें हें रचलेलें नसून कोरून पोकळ केलेलें असतें. त्याचें सारें सौंदर्य खोलींत आहे. खांबामागें खांब, त्यामागें काळोख, त्या काळोखांत स्तूप, हा अनुभव सपाट चित्रांत नीट उतरत नाहीं, जोडचित्रांत उतरतो.

परंतु कॅमेऱ्यास एक गोष्ट साधत नव्हती, व तीच अजिंठ्याची मुख्य गोष्ट. त्या ओल्या कांचेस निळा रंग चटकन् उमटे; तांबडा व पिवळा जवळजवळ उमटतच नसत, व छापील प्रतींत ते काळे दिसत. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं तर गेरू, पिवळी माती, हिरवट माती व काजळी यांवरच आपली सृष्टि उभारिली आहे; निळा रंग त्या मानानें थोडा. त्यांत लेण्यांतला अंधार. तेव्हां भिंतीवरील पद्मपाणीचें कोमल मुख कॅमेऱ्यापुढें आणणें म्हणजे काळ्यावर काळें उमटविणें होतें. म्हणून गिल यांनीं कामाची वांटणी केली. रंग कुंचल्याकडे दिले, दगड भिंगाकडे. ज्यास दोन्ही विद्या येत होत्या, त्यानेंच ही मर्यादा इतक्या सहज ओळखली.

या वांटणीचें फळ १८६४ त दिसलें. त्या सालीं लंडनमध्यें दोन पुस्तकें निघालीं. एकांत गिल यांनीं जागेवर घेतलेलीं ७४ छायाचित्रें हिंदुस्थानांतील लेण्यांविषयीं होतीं. दुसऱ्यांत पश्चिम हिंदुस्थानांतील वास्तुशिल्प व प्राणिसृष्टि यांचीं १०० जोडचित्रें होतीं. दोहोंसहि वर्णनाचा मजकूर फर्ग्युसन यांचा. छायाचित्र शाईनें पुस्तकांत छापण्याची कला तेव्हां रूढ झालेली नव्हती. म्हणून प्रत्येक प्रतींत खरीं छायाचित्रें हातानें चिकटविलेलीं असत. गिल हे नामांकित शिकारी असल्यामुळें प्राणिसृष्टींत मारलेलीं जनावरेंहि आलीं आहेत, व आजच्या वाचकास तीं पानें रुचणार नाहींत. पण एकोणिसाव्या लेण्याच्या दर्शनी भागासारखें चित्र पाहावें. मोठें नालाकृति गवाक्ष, दोहों बाजूंस उभे यक्ष, आणि भिंतभर बुद्धमूर्ति. कोणत्या प्रहरीं ऊन कोरीव कामावर तिरपें पडतें व रेष न् रेष उठून दिसते, हें ज्यानें वर्षानुवर्षें तेथें राहून पाहिलें, त्यासच असें चित्र साधावें. अजिंठ्याखेरीज वेरूळ, लोणार व अन्वा येथील प्राचीन कामाचींहि त्यांनीं छायाचित्रें घेतलीं.

आणि मग ३० डिसेंबर १८६६ हा दिवस उजाडला. सिडनहॅमच्या स्फटिकगृहास आग लागली, आणि तेथें मांडलेलीं गिल यांचीं सारीं तैलचित्रें जळून गेलीं. जीं तेथें मांडलेलीं नव्हतीं अशीं हातांच्या बोटांवर मोजण्याइतकींच बचावलीं. तीं लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. जळालेल्यांपैकीं कांहींचें नुसतें रूपरेखेपुरतें दर्शन आज होतें तें १८५६ सालच्या एका इंग्रजी ग्रंथांतील लहानशा लाकडी ठशांवरून. बासष्ट वर्षांच्या मनुष्यानें आपल्या उमेदीचीं एकोणीस वर्षें धूर होऊन गेल्याची वार्ता हजारों कोसांवर, एका घाटमाथ्यावरच्या गांवांत ऐकली. तिचा परिणाम काय झाला असेल, तें शब्दांनीं सांगण्याचा यत्न आम्ही करीत नाहीं. त्यांनीं केलें तें एवढेंच, कीं पुन्हां कुंचला हातीं घेतला व लेण्यांत जाऊन बसले.

दैवाचा खेळ तेवढ्यानें संपला नाहीं. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं, पेस्तनजी बोमनजी आदि हिंदी विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन, तेंच काम नव्यानें आरंभिलें व १८८५ पर्यंत चालविलें. त्यांच्याहि नकला विलायतेस गेल्या, आणि १८८५ त साउथ केन्सिंग्टन येथील आगींत त्यांतील पुष्कळ जळाल्या. शिवाय चित्रें स्पष्ट दिसावीं म्हणून त्या वेळीं मूळ भिंतींवर रोगण चढविण्यांत आलें. तें पुढें पिवळें पडून चित्रांस बाधक झालें. तें काढून चित्रांची डागडुजी करण्यासाठीं निजाम सरकारनें १९२० नंतर इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या दोघां तज्ज्ञांस बोलाविलें. त्यांच्याहि उपायांविषयीं मागाहून मतभेद झाले. एकंदरींत, ज्यानें ज्यानें या भिंतींस हात लाविला, त्याच्या हातून थोडें रक्षण व थोडी हानि अशीं दोन्ही झालीं. भिंतीस हात न लावतां तिची आठवण घेऊन येणारें साधन एकच, आणि तें गिल यांनीं १८५६ त हातीं धरलें होतें. तें साधन रंगांपर्यंत पोहोंचण्यास मात्र फार काळ लागला. १९९१ त बिनय बहल यांनीं अगदीं मंद प्रकाशांत, भिंतींस प्रखर दिव्यांचा ताप न देतां, अजिंठ्याच्या चित्रांचीं रंगीत छायाचित्रें घेतलीं, तेव्हां गिल यांचें अर्धें राहिलेलें काम पुरें झालें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

१० एप्रिल १८७९ रोजीं आजारी अवस्थेंत भुसावळकडे नेत असतां मेजर गिल यांचा अंत झाला. भुसावळच्या युरोपियन स्मशानभूमींत त्यांची कबर आहे. वय चौऱ्याहत्तर. इंग्लंडांतील जन्म, मद्रासेची नोकरी आणि महाराष्ट्राची माती, असा तो प्रवास संपला.

गिल यांस कलावंत म्हणावें कीं नुसते नक्कलकार म्हणावें, असा प्रश्न कोणी करील. आमचें उत्तर असें कीं, दुसऱ्याच्या कृतीपुढें आपला अहंभाव बाजूस ठेवून वीस वर्षें उभें राहणें, ही स्वतंत्र निर्मितीहून कमी कठीण गोष्ट नाहीं. शिवाय छायाचित्रांत उभें राहावयाची जागा, घटका व उजेड यांची निवड असते, आणि ती निवड हीच त्या कलेंतली दृष्टि. ते कंपनीचे चाकर होते, आणि आपल्या धन्याच्या कामासाठीं आमच्या देशाचीं चित्रें घेऊन विलायतेस धाडीत होते, हें आम्ही विसरत नाहीं. पण अजिंठ्याचे कांहीं खांब पुढें ढासळल्यावर नव्यानें बांधावे लागले. ते मूळचे कसे होते हें विचारावयास आज आम्हांस त्यांच्याच छायाचित्रांकडे जावें लागतें, आणि तीं छायाचित्रें ब्रिटिश लायब्ररींत आहेत. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्यासारख्या रसिकानें १९३२ त अजिंठ्यावर सचित्र ग्रंथ काढला, त्यापूर्वीं आमच्यापैकीं कितीजणांस त्या भिंतींची चिंता वाटली होती?

तैलचित्रें जळालीं याचें कारण तीं थोर नव्हतीं असें नाहीं. प्रत्येक चित्र एकच होतें, हें त्याचें कारण. छायाचित्रें टिकलीं तीं एका कांचेवरून अनेक प्रती निघून निरनिराळ्या घरीं गेल्या म्हणून. आमच्या पुण्यांत जुने वाडे पडत असतांना माळ्यावरून काय काय खालीं येतें, हें आपण पाहतोंच. पणज्याच्या काळच्या कांचेच्या तबकड्या, अंगणांतील मुंजीचें चित्र, आतां बुजलेल्या हौदाचें चित्र. कांच म्हणून तीं मोडींत जातात. तीं देण्यापूर्वीं एकदां उजेडासमोर धरून पाहावीं, आणि त्यांच्या दोन प्रती करून दोन निराळ्या घरीं ठेवाव्या, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.